खड्ड्याचं पोस्टर

"सगळं छान आहे, पण यात वास्तू कुठाय?"

परीक्षकांनी हे विचारलं तेव्हा माझ्या तीन मिनिटांतली दोन संपली होती. जागा साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाचा हॉल, महिना फेब्रुवारी, निमित्त पोस्टर स्पर्धेचं, विषय बांधीव वारशाची नोंदणी आणि जतन. चाळीसेक पोस्टरं लागलेली. माझं पोस्टर हरिपूरच्या एका पेवाचं, म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेल्या कोठाराचं. त्यावर मधोमध दोन फूट उंचीची, रांजणाच्या आकाराची पांढरी मोकळी जागा होती. भोवतीनं तपकिरी माती. मोकळ्या जागेच्या तळाशी हातात कंदील धरलेला एक बारका माणूस. बस्स.

"सर, ही मोकळी जागा हीच वास्तू."

"म्हणजे खड्डा."

"हो. खड्डाच."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या शेजारी साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीचं पोस्टर होतं, तिथं गर्दी इतकी की लोक माझ्या स्टँडला पाठ लावून उभे. मनात आलं, विहीरसुद्धा खड्डाच की! पण तिला दगडी कमान आहे, शिलालेख आहे, आत छोटा महाल आहे. माझ्याकडं माती आणि अंधार.

आधी मी कोण ते सांगते. सांगलीत विश्रामबागेत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी चौदा वर्षं ड्रॉइंग करते. बंगले, अपार्टमेंट, आणि महापालिकेत मंजुरीला जाणारे नकाशे. संशोधक वगैरे नाही. वडील हळदीच्या पेठेत तोलाईदार होते. लहानपणी ते घरी आले की शर्टाच्या शिवणीपासून कानाच्या पाळीपर्यंत सगळं पिवळं असायचं. आई म्हणायची, ह्या घरात रोजच हळदीचा कार्यक्रम. माहेर गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली, तेव्हा वडिलांच्या सगळ्या चोपड्या गेल्या. ओल्या चोपड्या गच्चीवर वाळत टाकलेल्या, शाई पसरून पानं निळी झालेली, आणि वडील एकेक पान सोडवत बसलेले. नोंदी ठेवायचं खूळ माझ्यात तिथून आलं असावं. ठरवून काही झालं नाही.

आता पेव. मराठीत हा शब्द रोज छापला जातो. क्लासेसचं पेव फुटलं, बांधकामांचं पेव फुटलं. पण लिहिणाऱ्यांतल्या किती जणांनी पेव पाहिलंय? हरिपूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. नाटकवाले देवलांसाठी येतात, भाविक संगमेश्वरासाठी. हळदीच्या पेठेतली माणसं मात्र पिढ्यान् पिढ्या हरिपुरात आणि पलीकडं सांगलवाडीत पेवांसाठी जात आली. जमिनीत उभं खणलेलं कोठार म्हणजे पेव. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली फुगलेलं पोट, गोलसर बूड. ना वीट, ना चुना, ना सिमेंट. इथली माती अशी घट्ट की कापली तशी उभी राहते आणि ओल आत येऊ देत नाही. आतून शेणामातीचा हात फिरवायचा, उसाचा वाळका पाला लावायचा, हळकुंडं ओतायची, तोंडावर फरशी ठेवून वर माती चढवायची. की झालं.

यामागचं शास्त्र साधं आहे आणि सुंदरही. बंद पेवात हळकुंडांतले किडे होता तो प्राणवायू वापरून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. किडा स्वतःच्याच श्वासानं मरतो, औषध मारावं लागत नाही. शिवाय अंधार. हळदीचा रंग उन्हाला लगेच दाद देतो, साडीवर पडलेला डाग दोन दिवस उन्हात घालून बघा. पेवात ना ऊन, ना हवा, ना उंदीर. हळद वर्षानुवर्षं राहते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यातही या पेवांचा हात आहे.

पेवं गेली ती पुरानं. 2005 मध्ये पाणी हरिपुरात शिरलं, पेवांत गेलं, आतली हळद कुजली, भिंती ढासळल्या. म्हणीतलं पेव फुटतं तेव्हा आतलं बाहेर येतं, इथं बाहेरचं आत गेलं. त्यानंतर व्यापारी गोदामांकडं आणि शीतगृहांकडं वळले. 2019 ला पाणी पुन्हा आलं, 2021 ला पुन्हा. वापरात राहिलेली पेवं आता थोडी.

मोजायला परवानगी मिळाली ती वडिलांच्या ओळखीनं. पेव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणेन. वय पंचाहत्तरच्या पुढं, पायांत अजून बळ. उमेदीची चाळीस वर्षं हळद भरायला-काढायला पेवात उतरलेला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "नकाशा काढून काय करनार? वरनं बुजवनार?" मी म्हटलं, तात्या, बुजलं तरी कागदावर राहील. "कागदावर हळद ऱ्हाती व्हय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, पेव रिकामं होतं. सकाळी फरशी सरकवली तरी उतरायचं दुपारनंतर. तोवर पेवानं श्वास घ्यायचा, असं तात्या म्हणतात. मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. तेवत राहिला तर माणूस, विझला तर पुन्हा वाट बघायची. मी हुशारीनं मोबाईलचा टॉर्च काढला. तात्या म्हणाले, "त्यो इझत न्हाई, म्हनून कामाचा न्हाई." हे वाक्य मी पोस्टरवर घेतलं होतं, शब्दमर्यादेत बसेना म्हणून काढावं लागलं. अजून हळहळ वाटते.

मोजायची पद्धत अशी. तोंडाच्या बरोबर मध्यावर बांबू आडवा टाकून त्याला ओळंबा सोडला. ओळंब्याची दोरी म्हणजे पेवाचा कणा. दोरीवर फुटाफुटाला चुन्याच्या खुणा. प्रत्येक खुणेशी आठ दिशांना दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर घ्यायचं. एकूण खोली 21 फूट. वरच्या चार फुटांत, म्हणजे गळ्यात, मोजायला वावच नव्हता, तिथं साधी टेप वापरली. खालच्या 17 फुटांत ऑफिसचा लेझर मीटर. मीटरचं नाक दोरीला टेकवायचं, बटण दाबायचं, लाल ठिपका भिंतीवर, आकडा पडद्यावर. तात्यांचा पुतण्या शिडीवर उभा राहून आकडे ओरडायचा, मी तळाशी वहीत लिहायची. 17 गुणिले 8, 136 आकडे. आत हळदीचा वास असा की घसा कोरडा पडतो. आणि शांतता. बाहेर गावात लग्नाचा बँजो वाजत होता म्हणे, आत काही नाही. वर बघितलं की तोंडाचा उजेड ताटाएवढा. मी आयुष्यभर खोल्या काढल्या, पण खोलीत असल्यासारखं त्या दिवशी वाटलं.

रात्री आकडे कॉम्प्युटरवर चढवले आणि छेद उमटला, म्हणजे पेव उभं कापलं तर कसं दिसेल ते चित्र. बघते तर काय, गळा संपतो तिथं भिंत एकदम चार-पाच इंच बाहेर जाते आणि मग फुगते. कडेकडेनं फिरणारी एक पायरी. खांदा! माझी झोप उडाली. हा खांदा कशासाठी? विचार करकरून मी उत्तर काढलं: फरशीचं आणि मातीचं ओझं गळ्यातून थेट पोटाच्या भिंतीवर येऊ नये, ते बाजूच्या मातीत जावं म्हणून खणणाऱ्यांनी ठेवलेली ही बैठक. किती शहाणी माणसं! पोस्टरवर खांद्याचा वेगळा मोठा तपशील काढला, बाण दाखवून ओझं कसं उतरतं ते दाखवलं. खालच्या भागात घनफळ काढलं, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात हळकुंडं भरून वजन केलं, त्यावरून पेवात पन्नास किलोची 240 पोती मावतात असं लिहिलं. हे लक्षात ठेवा.

पोस्टर करणं हे एक वेगळंच काम आहे हे मला ठाऊक नव्हतं. नकाशात सगळं दाखवायचं असतं, पोस्टरवर बरंचसं झाकायचं असतं. आकार ए-झिरो उभा, 841 बाय 1189 मिलिमीटर, शब्द 300 च्या आत आणि इंग्रजीत. इंग्रजीचं मी मान्य केलं, पण भागांची नावं देवनागरीतच ठेवली: तोंड, गळा, पोट, बूड. माणसाच्या अंगाची नावं आहेत ती, इंग्रजीत नेली की पाइपच्या भागांची वाटतात. मग 1:10 चा छेद मधोमध, बाकी सगळं त्याच्या अंगाखांद्यावर. पहिल्या मसुद्यात मी फोटो भरले होते. पण पेवाचा फोटो येत नाही हो! वरून काढला तर काळं भोक, आतून काढला तर मातीची भिंत. घराच्या जोत्याचा असतो तसाच. शेवटी सगळे फोटो काढून टाकले आणि पोकळी पांढरी सोडली.

ही पांढरी जागा फ्लेक्सवाल्याला बघवेना. आमच्याकडं अशी कामं वाढदिवस आणि दशक्रियेच्या बोर्डांच्या मधून होतात. माझ्या आधी कुणा युवा नेत्याचा दहा बाय पंधरा चालू होता. पोरगा स्क्रीनकडं बघत म्हणाला, "मॅडम, मधी जागा मोकळी राहिलीय, फोटो टाकू काय?" मी म्हटलं, राहू दे. "मग बॅकग्राउंडला काय तर टाकू, सनराइज हाय माझ्याकडं." नको. "शुभेच्छुक?" तेही नको. पिवळ्यावरून मात्र आमची जुंपली. स्क्रीनवर हळदीसारखा दिसणारा पिवळा छापून आला की मोहरीसारखा हिरवट. पर्समध्ये हळकुंड होतं ते कागदावर घासून मी दाखवलं, हा हवा. तिसऱ्या तुकड्याला जवळपास आलं. तो म्हणाला, इतका पिवळा कुणी मागत नाही, सगळ्यांना भगवा लागतो नायतर निळा.

मॅट कागदावर छापावं असं पत्रकात लिहिलं होतं, पण मी फ्लेक्सच घेतला. एक तर स्वस्त, दुसरं म्हणजे पुरात भिजत नाही. हा दुसरा विचार खरंच मनात आला होता.

साताऱ्याची एसटी पेठनाक्यावरून, कऱ्हाडवरून. हातात पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं पोस्टर. कंडक्टरनं नळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमचं हाफ, ह्याचं फुल." अख्खी गाडी हसली. कऱ्हाडला आगाशिवचा डोंगर दिसला. तिथली लेणीही कुणी बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत, आणि ती वास्तू नव्हेत असं कुणी म्हणत नाही. परीक्षकांना हे सांगायला हवं होतं. अशी उत्तरं परतीच्या गाडीत सुचतात, मला जातानाच सुचलं होतं तरी वेळेवर आठवलं नाही.

हॉलमधली पोस्टरं खरंच चांगली होती. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याचं एक होतं, सगळे चौक एका लांब छेदात कापलेले, लाकडी खांबांची नक्षी अगदी बारकाईनं. घाटावरच्या देवळातली ती वसईहून आणलेली घंटाही होती. किल्ल्यांची पोस्टरं तर भरपूर. 2025 च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात प्रतापगड. त्यामुळं सातारकरांची छाती फुगलेली, आणि ते बरोबरच आहे.

शेजारच्या लिंबच्या विहिरीचं पोस्टर शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं केलं होतं. ती विहीर मी शाळेच्या सहलीत बघितलेली. वीरूबाई भोसल्यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली. अष्टकोनी, वरून बघितलं तर शिवलिंगासारखी, खोली 110 फूट सांगतात. हिनं ती अनेक फोटो जुळवून कॉम्प्युटरवर उभी केली होती. बोट फिरवलं की विहीर फिरायची. मी तोंडात बोट घातलं. दुपारी डबे खाताना तिनं माझं पोस्टर नीट वाचलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या आकड्यांचा ताळा कशाशी घेतला?" मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे आम्ही फोटोवरून काढलेली मापं पायऱ्यांवर टेप लावून तपासली. पहिल्यांदा चुकली होती." मी तिला सांगलीचं भडंग वाढलं आणि म्हटलं, अगं लेझर मीटर आहे, मिलिमीटरपर्यंत अचूक. असं म्हणाले मी. पोरीला.

परीक्षक तीन. पहिल्यांचा प्रश्न सुरुवातीला सांगितलाच. दुसऱ्यांनी शब्द मोजले. देवनागरी शब्द धरून 311 होत होते, त्याचे गुण गेले. तिसऱ्या बाई मात्र खांद्याच्या तपशिलापाशी थांबल्या. "हे फार सुंदर निरीक्षण आहे," म्हणाल्या. मला आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी उत्तेजनार्थ म्हणून माझं नाव पुकारलं आणि कारण सांगताना खांद्याचाच उल्लेख झाला. स्मरणिकेत माझा सारांश आहे, त्यातही खांदा.

पण त्या दिवशी मला जे मिळालं ते परीक्षकांच्या फेरीनंतर. दुपारी चारच्या सुमारास गर्दी पांगली आणि पोस्टरं न करणारी माणसं आत आली. शिपाईमामांनी पहिल्यांदा हळदीचा भाव विचारला, मग सांगितलं की त्यांच्या आजोळी माण तालुक्यात ज्वारीचं पेव होतं आणि त्यातली ज्वारी काढल्यावर उग्र वास यायचा, भाकरी मात्र गोड लागायची. कोरेगावकडच्या एक मावशी म्हणाल्या, आमच्या वाड्यात भिंतीत बळद होतं, वरून धान्य टाकायचं, खालच्या भोकातून काढायचं. वाडा पाडला तेव्हा बळदातून वीस वर्षांपूर्वीचे गहू निघाले. एक निवृत्त मास्तर दामाजीपंतांच्या कोठारांपासून सुरू झाले ते थांबेनात. मी वही काढून लिहायला लागले. पांढऱ्या जागेचा हा उपयोग मला कळला नव्हता. वाड्याच्या नक्षीसमोर माणसं गप्प उभी राहून बघत होती, रिकाम्या रांजणासमोर मात्र प्रत्येकजण आपलं काहीतरी ओतून जात होता.

सांगलीत परतल्यावर पोस्टर कपाटावर पडून राहिलं. एप्रिलमध्ये तात्यांना दाखवायला नेलं. त्यांच्या पडवीत खिळ्यांना अडकवलं. तात्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले, लांब आले. पुतण्याला स्वतःचं चित्र बघायचं होतं, कंदीलवाला तोच. चहा आला. तात्या बोलेनात. मला वाटलं, भारावले.

मग बोट ठेवून म्हणाले, "ह्यो खांदा कुनी काढला?"

"तिथंच आहे तात्या. गळा संपतो तिथं."

"मी चाळीस वर्सं उतरतूय. खांदा असता तर पाय टेकाया बरं झालं असतं."

मी मीटरचं सांगितलं, मिलिमीटरचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खालचा आकडा वाचला, 240. "आन् ह्ये कुनाच्या पेवाचं? माझ्यात दोनशे बसत्यात. दोनशे झाली की हळद तोंडाशी येती. चाळीस पोती कुटं ठिवू, खांद्यावर?"

घरी आले आणि पर्समधून मीटर काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह असतं, ते मी चौदा वर्षांत कधी नीट बघितलं नव्हतं. अंतर मीटरच्या पुढच्या टोकापासून मोजायचं की मागच्या, हे ते चिन्ह सांगतं. मुळात ते मागच्या टोकावर असतं. ऑफिसात आम्ही मीटरचं बूड एका भिंतीला टेकवतो आणि समोरची भिंत मोजतो, त्यामुळं तिथं सगळं बरोबर येतं. पेवात आम्ही नाक टेकवलं होतं दोरीला. म्हणजे प्रत्येक आकड्यात मीटरची स्वतःची लांबी मिसळलेली. 12 सेंटिमीटर. 136 वेळा. गळा टेपनं मोजला म्हणून बरोबर, पोट मीटरनं मोजलं म्हणून दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं आपोआप खांदा. खणणाऱ्यांची शहाणी बैठक कुठली, माझ्या मीटरची लांबी होती ती! आकड्यांतून 12 वजा करून घनफळ पुन्हा काढलं. पोती आली 199.

रात्री बराच वेळ हसू येत होतं, मग पोटात गोळा आला. खांद्यासाठी बक्षीस घेतलंय मी. कुणी विद्यार्थी उद्या स्मरणिका वाचून लिहील, हरिपूरच्या पेवांत भारवाही खांदा असतो. मग तिसरा त्याचा दाखला देईल. आयोजकांना दुसऱ्याच दिवशी सविस्तर मेल केला, चूक काय, कशी झाली, सुधारित छेद सोबत. आठवड्यानं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. स्मरणिका तर छापून वाटून झालेली. म्हणून हे इथं लिहितेय, निदान शोधणाऱ्याला सापडेल: हरिपूरच्या त्या पेवाला खांदा नाही. गळ्यातून पोटाकडं भिंत सरळ, गुळगुळीत उतरते.

विहिरीवाल्या मुलीला फोन केला. ती पंधरा सेकंद काही बोलली नाही आणि मग इतकी हसली की मलाही बरं वाटलं.

सुधारित पोस्टर या वेळी मॅट कागदावर छापलं. 1964 च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वारसा वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, एक कलम आहे, केलेल्या नोंदी सार्वजनिक संस्थेत ठेवाव्यात आणि अभ्यासकांना बघायला मिळाव्यात. आमच्या पातळीवर सार्वजनिक संस्था म्हणजे गावचं वाचनालय, तिथं एक प्रत दिली, एक वडिलांकडं. त्याच सनदेत असंही आहे की वास्तू समाजाच्या उपयोगी पडत असेल तर तिचं जतन सोपं जातं. पेवाला हे वाड्यापेक्षा जास्त लागू आहे. वाडा रिकामा ठेवून, तिकीट लावून राखता येईल. पेव चार-सहा पावसाळे रिकामं राहिलं तर भिंत सुटते. पेव राखायचं तर त्यात हळद हवी, आणि हळद हवी तर पेवात ठेवणं व्यापाऱ्याला परवडायला हवं. इथं माझ्या ड्रॉइंगचा काही उपयोग नाही हे मला समजतं.

सुधारित मापं खरी का, याचा ताळा मात्र अजून घेता आलेला नाही. टेप घेऊन मेमध्ये गेले तर तात्यांनी हात झाडले. पेव भरलं होतं. यंदाची राजापुरी हळद, शेतकऱ्याची स्वतःची, भाव येईपर्यंत ठेवलेली. आता उघडेल ते नोव्हेंबरच्या आत नाही. म्हणजे माझी पांढरी पोकळी सध्या काठोकाठ पिवळी आहे, कुणाला दिसत नाहीये.

"पोती किती बसली तात्या?"

"मोजली न्हाईत," म्हणाले. मग पुतण्याकडं बघून, "दोनशेला दोन कमी."

जुना फ्लेक्स मी परत न्यायला आले होते, फाडून टाकावा म्हणून. तात्या म्हणाले, असूं दे, चांगला जाड हाय. परवा पहिला वळीव झाला तेव्हा गेले होते बघायला. पेवाच्या तोंडावर फरशी, फरशीवर मातीचा उंचवटा, त्यावर माझं पोस्टर, चार कोपऱ्यांना चार दगड. छापील बाजू खाली घातलेली. का, म्हणून विचारलं.

"वर ठिवली तर ऊन रंग खातंय," तात्या म्हणाले.